चार बोटे लांबीची तार : रत्नागिरीजवळच्या एका घरी गाडीचा चार्जर बसवताना

रत्नागिरीपासून साधारण वीस किलोमीटरवरच्या एका वाडीतले हे घर आहे. चिरेबंदी बांधकाम, पुढे पडवी, पडवीपुढे खळे आणि खळ्याच्या टोकाला गडग्याला लागून गाडीसाठी उभारलेली पत्र्याची शेड. मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या जोडप्याने 40 युनिटांच्या बॅटरीची विजेवरची गाडी घेतली. गाडीबरोबर दोन वस्तू आल्या. एक म्हणजे घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटात लावायची, मध्ये नियंत्रणाची डबी असलेली केबल, आणि दुसरी म्हणजे भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॅटचा चार्जर. चार्जरसाठी लागणारे वायरिंग ग्राहकाने स्वतः करून घ्यायचे होते, त्यामुळे तो खोक्यातच राहिला आणि पडवीतल्या सॉकेटावर चार्जिंग सुरू झाले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मला फोन आला तेव्हा तक्रार दोन वाक्यांची होती. रात्री चार्जिंग मध्येच थांबते, आणि सकाळी खळ्यात पाणी शिंपडल्यावर गाडीच्या दाराला हात लावला की हाताला मुंग्या येतात. पहिल्या वाक्यासाठी मी आठवड्याभराने गेलो असतो. दुसरे ऐकल्यावर मी एवढेच म्हटले, "काका, आधी मेन स्विच बंद करा, मग पिन काढा, आणि मी येईपर्यंत गाडी लावू नका. काकूंनाही सांगून ठेवा." परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक म्हणून मी बरीच वर्षे घरगुती जोडण्यांची कामे करतो आहे, आणि मुंग्यांच्या तक्रारीला थांबायला लावायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

पडवीतला सॉकेट उघडला तेव्हा कारण समोर दिसले. सॉकेटाच्या न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत काळ्या आवरणाच्या तारेचा चार बोटे लांबीचा तुकडा जोडलेला होता, आणि अर्थची म्हणून भिंतीतून यायला हवी ती हिरवी तार मुळात आलेलीच नव्हती. हा तुकडा तिथे कसा आला, हे काकांनी सांगितले. गाडीच्या केबलवरची डबी पहिल्याच दिवशी लाल दिवा दाखवत होती. ही डबी चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थ खरोखर आहे की नाही हे तपासते, आणि नसेल तर वीज पुढे सोडत नाही. बोलावलेल्या वायरमनने दिवा हिरवा व्हावा म्हणून न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडले. डबीला अर्थ "दिसले", दिवा हिरवा झाला आणि काम झाले असे सर्वांना वाटले. त्या माणसाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, कारण ही युक्ती गावोगावी इतकी रुळलेली आहे की अनेकांना ती दुरुस्तीच वाटते. पण ज्या डबीचे कामच धोका ओळखून थांबणे हे आहे, तिला फसवून पुढे जाण्यासारखे धोकादायक काम घरगुती वायरिंगमध्ये फार थोडे असेल.

न्यूट्रल ही परतीची वाट आहे. गाडी घेत असलेले 15 अँपिअर न्यूट्रलच्या तारेतूनच खांबाकडे परत जातात, आणि त्या तारेला जेवढा रोध असेल तेवढा दाब (व्होल्टेज) घराच्या टोकाशी चढतो. गाडीचा लोखंडी सांगाडा अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. अर्थची पिन न्यूट्रलला बांधली की सांगाड्यावरही तोच दाब येतो. मी माडाच्या आळ्यात, जिथे माती ओली होती, एक लोखंडी खुंटी ठोकली आणि ती खुंटी व गाडीचा सांगाडा यांच्यामधला दाब मोजला. तपासणीपुरते चार्जिंग सुरू केले तेव्हा मीटरने 16 व्होल्ट दाखवले, आणि बंद करताच आकडा एक व्होल्टाच्या आत आला. अनवाणी पायांनी ओल्या खळ्यात उभ्या असलेल्या काकूंना जाणवलेल्या मुंग्या या 16 व्होल्टांच्या असतील किंवा सांधा क्षणभर सैल होऊन वाढलेल्या दाबाच्या असतील. मला खरी भीती वाटली ती पुढच्या शक्यतेची. पावसाळ्यात माडाची झावळी पडून खांबावरून घरी येणाऱ्या सर्व्हिस वायरची न्यूट्रल तेवढी तुटली असती, तर घरातल्या पंख्यातून, फ्रीजमधून आणि दिव्यातून आलेली वीज परतीची वाट न मिळाल्याने त्या चार बोटांच्या तुकड्यातून गाडीच्या सांगाड्यावर आली असती आणि दारावर जवळपास पूर्ण 230 व्होल्ट उभे राहिले असते. घरात त्या वेळी कटआउट आणि किटकॅट फ्यूज यांखेरीज कोणतेही संरक्षण नव्हते, आणि या स्थितीत फ्यूज वितळत नाही.

16 व्होल्ट कुठून आले, याचा माग काढला तेव्हा दोन सांधे सापडले. एक वीज वितरण कंपनीच्या बाजूचा होता. सर्व्हिस वायर जिथे घराच्या ब्रॅकेटला येते तिथला न्यूट्रलचा पिळलेला सांधा खाऱ्या हवेने पांढरट पडून खिळखिळा झाला होता. त्या बाजूला आणि मीटरच्या सीलला आपण हात लावायचा नसतो, म्हणून तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी लाइनमन आले आणि त्यांनी नवा कनेक्टर दाबून दिला. दुसरा सांधा घराच्या माळ्यावर होता. पडवीचा सॉकेट स्वतंत्र नव्हताच, तो न्हाणीघरातल्या गिझरच्या 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेला मध्येच पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून काढलेला होता. पट्टी सोडवली तेव्हा तिचा आतला थर डांबरासारखा वितळून तांब्याला चिकटलेला होता आणि तार बोटभर लांबीपर्यंत जांभळट काळी पडली होती.

इथे एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण तो कळला की या कामातल्या बाकीच्या बहुतेक गोष्टी आपोआप कळतात. सांध्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल सांध्याचा रोध 0.3 ओहम धरला तर 15 अँपिअरला त्या एका जागी सुमारे 67 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे जुन्या काळच्या 60 वॅटच्या बल्बापेक्षा थोडी जास्तच, आणि तीही चिकटपट्टीच्या आत कोंडलेली. तोच सांधा 32 अँपिअरला 300 वॅटच्या वर जाईल. गिझरसुद्धा जवळपास 9 अँपिअर घेतो, पण तो वीस मिनिटांत थांबतो आणि सांधा निवतो. बॅटरी बरीच उतरलेली असली की गाडी रात्रभर, आठ-दहा तास, एकसारखा प्रवाह घेते. घराचे वायरिंग वीस वर्षे बिनतक्रार चालले, हा पुरावा म्हणूनच गाडीच्या बाबतीत कामाचा नाही. तोपर्यंत त्या वायरिंगची अशी परीक्षा कोणी घेतलेलीच नसते.

तो सॉकेट त्याच दिवशी मी तोडून ठेवला, आणि चार्जरचे काम मुळापासून मांडायचे ठरले.

पहिला प्रश्न भाराचा होता. घराचा मंजूर भार एकफेजी 3 किलोवॅट होता. त्यावर एक अश्वशक्तीचा विहिरीचा पंप, 2 किलोवॅटचा गिझर, फ्रीज आणि एक एसी चालत होता. 7.2 किलोवॅटचा चार्जर पूर्ण क्षमतेने एकट्याने सुमारे 32 अँपिअर घेतो. काकांची रोजची धाव रत्नागिरीला जाऊन येण्याची, म्हणजे 40 किलोमीटरांच्या आसपास. ही गाडी किलोमीटरला साधारण 0.15 युनिट घेते असे धरले तर रोज 6 युनिटे लागतात, आणि त्यासाठी 7.2 किलोवॅटची मुळीच गरज नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणेही रास्त होते. गणपतीला मुलगा अशाच गाडीने मुंबईहून सव्वातीनशे किलोमीटर येतो, वाटेत चार्जिंग करूनही पोहोचतो तेव्हा बॅटरी तळाला गेलेली असते, आणि सॉकेटाच्या 3.3 किलोवॅटवर ती पूर्ण भरायला बारा तासांहून जास्त लागतात. आम्ही असे ठरवले की केबल आणि संरक्षण 32 अँपिअरच्या हिशेबाने एकदाच घालायचे, 10 किलोवॅटच्या तीनफेजी जोडणीसाठी अर्ज करायचा आणि ती येईपर्यंत चार्जर 10 अँपिअरवर बांधून ठेवायचा. 10 अँपिअर म्हणजे 2.3 किलोवॅट, आणि रोजची 6 युनिटे त्यात तीन तासांच्या आत भरतात, तीही रात्री अकरानंतर, जेव्हा गिझर आणि पंप बंद असतात.

असे बांधून ठेवता येते, हे अनेकांना माहीत नसते. भिंतीवरच्या चार्जरच्या आत प्रवाहाची मर्यादा ठरवणारी चकती किंवा बारीक स्विच असतात. चार्जर आणि गाडी यांच्यात कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते, आणि तिच्यावर सेकंदाला हजार वेळा धडधडणारा 12 व्होल्टांचा संकेत जातो. त्या धडधडीत संकेत किती वेळ उंच राहतो यावरून गाडीला किती अँपिअर घ्यायचे ते कळते. 16.7 टक्के म्हणजे 10 अँपिअर, 53.3 टक्के म्हणजे 32. गाडी ही मर्यादा पाळते. बॅटरी भरणारे खरे यंत्र गाडीच्या आतच असते, आणि भिंतीवरची पेटी म्हणजे हिशेबी, सावध स्विच असतो. पेटीच्या किमतीवर आणि दिसण्यावर लोक जेवढा विचार करतात त्याच्या निम्मा तरी तिच्या मागच्या तारेवर करावा, असे मला कळकळीने वाटते.

बिलाचा प्रश्न काकूंनी विचारला. महाराष्ट्रात घरी गाडी चार्ज केली तर त्या जागेला जो दर लागू आहे तोच लागतो, आणि घरगुती दर टप्प्यांचे आहेत : 100 युनिटांपर्यंत, 300 पर्यंत, 500 पर्यंत आणि त्यावर. त्यांचा महिन्याचा वापर 180 युनिटांचा होता आणि महिन्यातले 25 दिवस धावेचे धरले तर गाडीची साधारण 150 युनिटे त्यात मिळणार होती. वरच्या दराच्या टप्प्यात त्यातली जेमतेम 30 युनिटे जाणार असल्याने वेगळा मीटर घेण्याचे प्रयोजन उरले नाही. ज्यांची धाव मोठी आहे त्यांनी हा हिशेब स्वतंत्र करावा, कारण 2024 मध्ये सुधारलेल्या वीजग्राहक हक्क नियमांनुसार गाडीसाठी वेगळी जोडणी मागता येते.

केबलचा मार्ग मीटरपासून शेडपर्यंत 34 मीटर भरला. 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल 32 अँपिअर वाहू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी तीच घातली जाते. पण एवढ्या लांबीवर तिच्यात सुमारे 8 व्होल्ट गळतात, म्हणजे साडेतीन टक्के. वाडी रोहित्रापासून लांब असल्याने संध्याकाळी मीटरपाशीच मला 208 व्होल्ट मिळाले होते. तिथे आणखी 8 व्होल्ट घालवणे मला पटले नाही. 10 चौरस मिलिमीटरची तीन गाभ्यांची आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवचाची, केबल घेतली, तिच्यात गळती 5 व्होल्टांच्या आत राहते. खळ्याखालून पाऊण मीटर खोल चर खणायला जांभ्यात दोन माणसांचे तीन दिवस गेले. केबलखाली-वर वाळू, त्यावर चिऱ्याचे तुकडे आणि त्यावर इशाऱ्याची पट्टी घातली. उद्या कोणी तिथे पोफळ लावायला खणले, तर पहारीला आधी चिरा लागला पाहिजे.

अर्थिंगने मात्र सर्वांत जास्त विचार करायला लावला. तुळशीवृंदावनामागे जुनी पत्र्याची प्लेट पुरलेली होती, तिला जोडलेली गॅल्व्हनाइज्ड पट्टी जमिनीलगत गंजून कागदाएवढी उरली होती. 30 मीटरवर एक खुंटी आणि त्या अंतराच्या 62 टक्क्यांवर दुसरी खुंटी ठोकून मोजले तर 92 ओहम रोध आला. कोकणातला जांभा पाणी धरत नाही आणि मे महिन्यात तर तो कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे आकड्याचे आश्चर्य वाटले नाही. उलट अर्थिंग मोजायला मे महिनाच योग्य, कारण पावसाळ्यातला आकडा सगळ्यांनाच खूश करतो.

बहुतेकांची समजूत अशी असते की अर्थिंग चांगले असले की दोष होताच एमसीबी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. आकडे घालून पाहावे. फेज गाडीच्या सांगाड्याला चिकटली आणि अर्थचा रोध 92 ओहम असला, तर जमिनीत जाणारा प्रवाह 230 भागिले 92, म्हणजे अडीच अँपिअर. 40 अँपिअरच्या एमसीबीला त्याची दखलही नसते. विहिरीकडच्या सखल बाजूला, एकमेकांपासून 6 मीटर अंतरावर, यंत्राने 3 मीटर खोल दोन भोके पाडून, जांभ्याखालच्या मऊ ओलसर मातीपर्यंत पोहोचून नवे इलेक्ट्रोड घातले आणि ओलावा धरणाऱ्या बेंटोनाइटने भरले. स्वतंत्रपणे 24 आणि 27 ओहम आले, जोडल्यावर 14. या कोरड्या जमिनीत हे उत्तम मानावे लागेल. पण 14 ओहमांनाही दोषाचा प्रवाह 16 अँपिअरच होतो, म्हणजे गाडी रोज घेऊ शकते तेवढाच. एमसीबीच्या दृष्टीने दोष आणि चार्जिंग यांत फरकच नाही! अशा जमिनीत माणसाचा जीव वाचवणारे उपकरण आरसीसीबी हेच. गेलेला आणि परत आलेला प्रवाह तो सतत तोलत असतो आणि 30 मिलिअँपिअरचा फरक दिसताच तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक नियमांत चार्जिंगच्या जागांसाठी प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि 30 मिलिअँपिअरपर्यंतचे, किमान ए प्रकारचे असे संरक्षण सांगितले आहे, आणि घरासाठीही मी तेच धरून चालतो. ए प्रकाराचा आग्रह अशासाठी की घरात सर्रास मिळणारा एसी प्रकारचा आरसीसीबी गाडीच्या यंत्रातून येऊ शकणाऱ्या एकदिश गळतीपुढे आंधळा होतो. शुद्ध डीसी गळती 6 मिलिअँपिअरवर ओळखण्याची सोय चार्जरच्या आतच असल्याचे माहितीपत्रकात वाचून खात्री केली. ती नसती तर महागडा बी प्रकार घ्यावा लागला असता.

मग आरसीसीबी 92 ओहमांवरही पडला असताच, तर दोन भोके पाडण्याचा खर्च कशाला, असे काकांनी विचारले, आणि प्रश्न अचूक होता. गंजलेली पट्टी एखाद्या पावसाळ्यात तुटली असती तर 92 ओहमही उरले नसते. शिवाय वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा पडतात, त्यासाठी बसवलेल्या सर्ज प्रोटेक्टरला आपला भार उतरवायला जमीन लागते. आरसीसीबीमागे अर्थिंग हवे आणि अर्थिंगमागे आरसीसीबी हवा, एकाच्या भरवशावर दुसरे टाळायचे नाही.

जोडणीच्या दिवशी सर्वांत सावकाश काम टर्मिनलांवर केले. 10 चौरस मिलिमीटरची केबल सात जाड तारांची असते, आणि आवरण सोलताना पातीने त्यातल्या एक-दोन तारा कापल्या जातात. टर्मिनलात बसत नाही म्हणून मुद्दाम दोन छाटणारेही मी पाहिले आहेत. आम्ही आवरण बेताचे सोलले, तारेच्या टोकाला मापाचा लग, म्हणजे धातूची टोपी, चढवून त्याच मापाच्या साच्याने दाबला, ओढून पाहिला, आणि स्क्रू उपकरणावर छापलेल्या बळापर्यंत टॉर्क पान्याने आवळला. आवरण स्क्रूखाली अडकलेले नाही हे प्रत्येक ठिकाणी दिव्याने पाहिले. ते अडकले तर स्क्रू घट्ट लागतो, पण पकड तांब्यावर नसून प्लास्टिकवर असते. केबलचे पोलादी आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथल्या धातूच्या पकडीतून, अर्थला जोडले. चार्जर जमिनीपासून 1.2 मीटरवर, उन्हाचा कल नसलेल्या बाजूला बसवला. केबल खालून आत घेतली आणि शिरण्यापूर्वी तिला झोका ठेवला, म्हणजे पागोळ्यांचे पाणी तारेवरून ओघळून पेटीत न जाता खाली गळते. ग्लँडभोवतीची फट बुजवली, कारण इकडे कुंभारीण माशी आणि मुंग्या महिन्याभरात घर करतात.

वीज सोडण्याआधी चार्जर सुटा करून 500 व्होल्टांच्या मेगरने, म्हणजे इन्शुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, केबल तपासली, इन्शुलेशन 200 मेगाओहमांच्या वर होते. वीज दिल्यावर आरसीसीबी चाचणी यंत्राने 30 मिलिअँपिअरला 24 मिलिसेकंदांत पडला. त्याला 300 मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते. मग 10 अँपिअरवर दोन तास गाडी लावली. माडाच्या आळ्यातली खुंटी मी काढली नव्हती. त्याच खुंटीपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत पुन्हा दाब मोजला आणि काकूंना आकडा दाखवला. तो अर्ध्या व्होल्टाच्याही खाली होता.

आठ दिवसांनी मेन बंद करून मी प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासला. अनेक तारांचे तांबे दाबाखाली बसते, आणि टॉर्क पाना वापरूनही एमसीबीच्या न्यूट्रलचा स्क्रू पाव आटा फिरला. हा फेरा मी दरात आधीच धरतो, वेगळा मागितला तर कोणी बोलावत नाही. जुलैमध्ये तीनफेजी जोडणी आली. चार्जर एका फेजवर, घर उरलेल्या दोन फेजवर वाटले, आणि तीनफेजीत न्यूट्रल गेली तर एखाद्या फेजवरचा दाब फार चढू शकतो म्हणून कमी-जास्त दाबाला तोडणारा रिले घातला. त्यानंतरच चकती 32 वर नेली.

गणपतीच्या आदल्या रात्री मुलाची गाडी साडेदहाला लावली गेली आणि पहाटे पाचच्या आत भरली. चार्जर पूर्ण भाराने चालू असताना काकांनी मला पेटीवरचा आकडा फोनवर वाचून दाखवला : 214 व्होल्ट. ऑगस्टमध्ये मोजलेला अर्थिंगचा आकडा 8 ओहम होता, पण डीबीच्या, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीच्या, दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर मी मे महिन्यातलेच 14 लिहिले आहेत आणि पुढच्या मोजणीची तारीखही मेचीच टाकली आहे. तो चार बोटे लांबीचा तारेचा तुकडा काकांनी टाकून दिलेला नाही. वाडीत आणखी दोघांनी विजेवरच्या गाड्या घेतल्या, तेव्हा ते तो खिशात घालून त्यांच्याकडे गेले आणि त्यांचे सॉकेट उघडून दाखवा म्हणाले. त्यातल्या एकात तसाच तुकडा निघाला.